दहा वर्षं जुना डेस्कटॉप, पक्ष्यांचे रॉ फोटो आणि अपग्रेडचा हिशोब

आधी निकाल सांगतो, मग रामायण. डेस्कटॉप बदलला नाही. एसएसडी (सुई-तबकडी नसलेली वेगवान डिस्क) टाकली, रॅम वाढवली, आतली धूळ काढली, मॉनिटर नवा घेतला. ग्राफिक कार्ड मात्र घेतलं नाही, का नाही घेतलं ते खाली येईलच. ज्यांच्या घरी असाच २०१४-१५ च्या सुमाराचा असेम्बल केलेला डबा आहे आणि त्यावर फोटो एडिट करताना जीव मेटाकुटीला येतो त्यांच्यासाठी हे लिहून राहिलो. गेमिंगवाले आणि व्हिडिओवाले, तुमचं गणित वेगळं आहे भो, तुम्ही यात वेळ घालवू नका.

माझं मशीन म्हणजे कोअर आय-फाईव्ह ४४६०, चौथ्या पिढीचा, चार कोअर चार थ्रेड, एच-८१ चिपसेटचा बोर्ड, ८ जीबी डीडीआर-३ रॅमची एकच पट्टी, १ टीबी हार्डडिस्क, वेगळं ग्राफिक कार्ड नाही आणि साडेअठरा इंची मॉनिटर. जळगावातून असेम्बल करून आणलं होतं, पोरांचे प्रोजेक्ट, ऑनलाईन फॉर्म आणि घरचा हिशोब यासाठी, आणि त्या कामाला ते आजही पुरतं. पण तेव्हा माझ्याकडे कॅमेरा नव्हता. आता २४ मेगापिक्सेलचा क्रॉप सेन्सरवाला कॅमेरा आहे, त्यावर १५०-६०० ची झूम, आणि नाद पक्ष्यांचा. हिवाळ्यात हतनूर धरणाच्या बॅकवॉटरला बदकं येतात, आणि जवळच यावलचं जंगल, सातपुड्याचा साग, त्यात रानपिंगळा. हा पक्षी नामशेष झाला असं शंभरेक वर्षं धरून चालले होते, १९९७ साली आपल्या शहाद्याजवळच्या जंगलात तो परत सापडला, म्हणजे खान्देशातल्या फोटोग्राफरला त्याचा फोटो नसणं जरा लाजिरवाणंच. (लोकेशन विचारू नका, सांगणार नाही, आणि आवाज वाजवून बोलवणाऱ्यांना तर अजिबात नाही.)

आता याचा कॉम्प्युटरशी काय संबंध? संबंध असा की रानपिंगळा घुबड असूनही दिवसा फिरतो, सकाळी सकाळी सागाच्या वाळक्या फांदीवर बसतो, तेव्हा उजेड जेमतेम असतो, माझी लेन्स ६०० ला एफ-६.३ च्या पुढे उघडत नाही, शटर कमी केला तर मान फिरवली की फोटो हलतो, म्हणून आयएसओ (उजेड कमी पडला की वाढवायचा कॅमेऱ्याचा आकडा) ३२०० नाहीतर ६४०० वर जातोच जातो. क्रॉप सेन्सरवर ६४०० म्हणजे फोटोत रवा सांडल्यासारखा नॉईज, म्हणजे दाणे. म्हणजे माझं अर्धं एडिटिंग म्हणजे नॉईज काढणं, आणि उरलेलं अर्धं म्हणजे बर्स्टमधल्या (बटण दाबून धरून लागोपाठ काढलेल्या) पंचवीस-तीस सारख्याच फोटोंतून एक निवडणं. लग्नाचे फोटो करणाऱ्याचं काम याहून वेगळं, रील बनवणाऱ्याचं आणखीन वेगळं, म्हणून कोणी सरसकट अमुक घ्या असं सांगितलं की मी ऐकून घेतो आणि गप बसतो.

पुण्यात शिकणारा पुतण्या दिवाळीत आला होता, त्याने मशीन चालू व्हायची वाट पाहिली आणि म्हणाला, "काका, भंगारात द्या हे, पाचशे रुपये तरी येतील." जळगावातल्या गोलाणी मार्केटला चौकशीला गेलो तर तिथला दुकानदार तेच जरा गोड भाषेत बोलला, "सर, कशाले जुनामा पैसा टाकतस, नवाच ली ल्या ना." नवीन मशीनचं कोटेशन ५५ हजाराच्या पुढे, मॉनिटर सोडून. वर तो असंही म्हणाला की रॅमचे भाव चढलेत, आणि ते खरंच आहे, २०२५ च्या शेवटापासून मेमरी बनवणाऱ्या कंपन्यांनी माल एआयच्या सर्व्हरकडे वळवला आणि आपल्यासारख्यांच्या डीडीआर-४, डीडीआर-५ पट्ट्या महागल्या. त्यामुळे नवीन मशीन घ्यायला ही वेळ वाईटच, पण वेळ वाईट आहे म्हणून जुन्यात पैसे ओतायचे हे पण काही शहाणपण नाही. म्हणून ठरवलं की आधी बघायचं अडतंय कुठे.

हे बघणं अगदी सोपं आहे आणि फुकट आहे, तरी कोणी करत नाही. टास्क मॅनेजर उघडायचं, परफॉर्मन्सच्या टॅबवर जायचं, ती खिडकी बाजूला लहान करून ठेवायची आणि नेहमीसारखं एडिटिंग करत बसायचं. माझ्याकडे लाईटरूम क्लासिक (फोटो निवडायचं आणि एडिट करायचं अडोबीचं सॉफ्टवेअर) उघडताना आणि फोटो इम्पोर्ट करताना डिस्क १०० टक्क्यावर जाऊन चिकटायची, सीपीयू मात्र वीस-तीसवर आरामात. ब्राउझर सोबत चालू असला की मेमरी भरून जायची आणि मग विंडोज हार्डडिस्कवरच मेमरीचं काम करायला लागायचं, म्हणजे आधीच अडलेली डिस्क आणखी अडली. स्लायडर ओढताना, मास्क (फोटोचा ठराविक भागच बदलायची निवड) बनवताना आणि एक्स्पोर्टला उलटं, तिथे चारही कोअर १०० टक्के आणि डिस्क मोकळी. म्हणजे दुखणी दोन होती, एक स्वस्तात बरं होणारं आणि एक नाही. पुतण्याला आणि दुकानदाराला एकच दिसत होतं.

पहिल्या दुखण्यावर एसएसडी. सॅमसंगची ८७० इव्हो, ५०० जीबी, साटावाली अडीच इंची. एच-८१ च्या बोर्डावर एम.२ चा स्लॉट माझ्याकडे नाही, त्यामुळे एनव्हीएमईचा, म्हणजे त्या स्लॉटात बसणाऱ्या जास्त वेगवान एसएसडीचा, विचारच नाही, आणि ज्यांना वाटतं की साटा एसएसडी म्हणजे जुनाट त्यांनी आकडे बघा, माझी हार्डडिस्क सलग फाईल वाचायला शंभर-सव्वाशे एमबी सेकंदाला देत होती, ही साडेपाचशेच्या आसपास देते, एनव्हीएमई तीन-साडेतीन हजार देते हे खरं, पण फोटोच्या कामात हार्डडिस्कवरून साटा एसएसडीवर आल्यावर जो फरक कळतो तो साटावरून एनव्हीएमईवर गेल्यावर तेवढा कळत नाही. कारण खरा फायदा सलग वेगाचा नाहीच, लाईटरूमचा कॅटलॉग (फोटो आणि एडिटिंगची नोंदवही) आणि प्रिव्ह्यू म्हणजे हजारो बारक्या बारक्या फाईली आणि नोंदी, हार्डडिस्कची सुई त्यात इकडून तिकडे पळत बसते आणि एसएसडीत सुईच नाही.

कंपनी ५ वर्षं किंवा ३०० टीबी लिहिण्याची वॉरंटी देते, यातलं जे आधी संपेल ते. माझ्या वापराने ३०० टीबी व्हायला नातू यावे लागतील. यापेक्षा स्वस्त एसएसडी मिळतात, डीरॅम कॅश (एसएसडीची स्वतःची छोटी मेमरी) नसलेल्या, विंडोज चालवायला त्या पण पुरतात पण मोठं कार्ड एकदम कॉपी करायला घेतलं की सुरवातीला पळतात आणि मग धापा टाकतात, फोटोवाल्याने थोडे जास्त घालून बरी घ्यावी असं माझं मत.

बसवून घेतली जळगावातच एका दुकानात (नाव नाही घेत), आणि इथे एक गोष्ट तपासायला विसरू नका. घरी आणून डिस्कचा वेग मोजणारं क्रिस्टलडिस्कमार्क चालवलं तर वाचायचा वेग २७० च्या आसपास, म्हणजे बरोबर निम्मा. कॅबिनेट उघडलं तर त्या पोराने एसएसडीची केबल जुन्या साटा-२ च्या पोर्टात खुपसलेली. एच-८१ च्या चिपसेटला सहा जीबीचे पोर्ट दोनच असतात, बाकीचे तीन जीबीचे, बोर्डवर पोर्टाच्या बाजूला बारीक अक्षरात साटा-६जी असं छापलेलं असतं, रंग पण बऱ्याचदा वेगळा असतो. डीव्हीडी रायटर महाशय सहा जीबीच्या पोर्टावर बसलेले, जे मी कधी वापरलेत आठवत पण नाही. केबल काढली, अदलाबदल केली, वेग डबल. फोन केल्यावर उत्तर काय, "सर, दोन्हीत चालतं." चालतं ना बाबा, चालायला काय, हार्डडिस्क पण चालतच होती. आणखीन एक, अडीच इंची एसएसडीच्या खोक्यात साटा केबल बऱ्याचदा येतच नाही, आधी विचारून घ्या, नाहीतर पन्नास-शंभर रुपयाच्या केबलीसाठी परत चक्कर.

एसएसडीवर काय ठेवायचं हे पण बघा. विंडोज, लाईटरूम, कॅटलॉग, प्रिव्ह्यू, कॅमेरा रॉची कॅश आणि चालू महिन्याचे फोटो, एवढंच. बाकी सगळे जुने रॉ त्याच १ टीबी हार्डडिस्कवर. पण आधी क्रिस्टलडिस्कइन्फोमधे तिची तब्येत बघितली, रिअ‍ॅलोकेटेड सेक्टर आणि पेंडिंग सेक्टर (खराब झालेल्या आणि संशयित जागा) हे दोन आकडे शून्य असले तर ठीक, वाढत चालले असले तर त्या डिस्कवर एकुलता एक फोटो ठेवू नका. माझे शून्य निघाले, तरी दुसरी कॉपी बाहेरच्या डिस्कवर आहेच.

आता फरक. आधी पिंगळ्याच्या डोळ्यावर क्लिक करून १०० टक्क्याला गेलं की सगळं धूसर, खाली लोडिंग लिहून यायचं, मग हळूच पिवळ्या बुबुळाची कड आणि वरची पांढरी भुवई उमटायची, तोवर मागचा फोटो कसा होता ते डोक्यातून गेलेलं असायचं. फोकस डोळ्यावर आहे की समोरच्या काडीवर हे दोन फोटो लागोपाठ बघूनच कळतं, आणि मधे चार-पाच सेकंद धूसर बघत बसलं की निवडणं होत नाही, सगळेच ठेवावेसे वाटतात, म्हणून तर हार्डडिस्क भरत गेली. आता इम्पोर्ट करतानाच वन-टू-वन (पूर्ण आकाराचे) प्रिव्ह्यू बनवायला लावतो, रात्री लावून झोपतो, सकाळी लायब्ररी मॉड्यूलमधे बाण दाबला की फोटो तयार. डेव्हलपमधे, म्हणजे एडिटिंगच्या मॉड्यूलमधे, बसून फोटो निवडायचे नाहीत, तिथे प्रत्येक वेळी रॉ फाईल नव्याने उलगडते आणि चार कोअरचा जीव जातो. एडिटिंगसाठी परफॉर्मन्सच्या सेटिंगमधे स्मार्ट प्रिव्ह्यू (रॉची लहान, हलकी प्रत) वापरा असा एक पर्याय आहे, तो टिक केला तर स्लायडर बराच हलका होतो, फक्त शार्पनिंग आणि नॉईज बघताना खऱ्या फाईलवर जावं लागतं. या पैशात एवढं मिळालं तर मी तरी पाचपैकी पाच देतो.

रॅमबद्दल जास्त लिहिण्यासारखं नाही. एच-८१ ला दोनच स्लॉट आणि जास्तीत जास्त १६ जीबी, मी ८ ची दुसरी पट्टी वापरलेली घेतली, डीडीआर-३ आता कोणाला नको असल्याने हजाराच्या आत आली. घरी रॅम तपासणारं मेमटेस्ट रात्रभर चालवून पाहिलं, एरर नाही. एकाऐवजी दोन पट्ट्या झाल्या की ड्युअल चॅनेल (दोन्ही पट्ट्या एकदम वापरून वाढणारा वेग) पण मिळतो. ही पट्टी पुढच्या मशीनला लागणार नाही हे माहीत होतं, पण हजार रुपयात ब्राउझर आणि लाईटरूम एकत्र चालतंय तर जाऊ दे. हीच पट्टी तीन-चार हजाराला असती तर नसती घेतली.

साफसफाईला मात्र मी वेगळं मार्क देईन, कारण ती खान्देशात अपग्रेडइतकीच महत्त्वाची आहे आणि पुण्या-मुंबईच्या व्हिडिओत कोणी सांगत नाही. मे महिन्यात आमच्याकडे ४५ च्या वर पारा जातो, खोलीतच ३८-४० असतं, कूलर लावला तर दमट हवा आणि शेतातली माती दोन्ही आत. सीपीयूवरचा पंखा स्क्रू सोडवून उचलला तर खाली हीटसिंकच्या पात्यांवर चक्क नमदा जमलेला, राखाडी, मधे मधे पांढरे कापसाचे तंतू, हिवाळ्यात जिनिंगच्या गाड्या आमच्याच रस्त्याने जातात त्याचा प्रसाद. थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी झालेली. तापमान दाखवणाऱ्या एचडब्ल्यूइन्फोमधे एक्स्पोर्ट चालू असताना सीपीयूचं तापमान ९५ च्या पुढे जात होतं आणि क्लॉक आपोआप खाली उतरत होता, म्हणजे ३.२ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर स्वतःला वाचवायला त्याहून कमीवर चालत होता आणि आपण म्हणतोय मशीन म्हातारं झालं. ब्लोअरने साफ केलं (पंखा बोटाने धरून ठेवा, फिरू देऊ नका, बेअरिंग जातं), जुनी पेस्ट स्पिरिटने पुसली, नवीन वाटाण्याएवढी लावली. आता ७० च्या आसपास राहतं. एक्स्पोर्टचा वेळ यानेच कमी झाला, एसएसडीने नाही, कारण एक्स्पोर्टला डिस्क अडतच नव्हती. खर्च पेस्टचे दोन-अडीचशे रुपये.

आता दुसरं दुखणं, ज्यासाठी खरं तर हा सगळा खटाटोप चालू झाला. लाईटरूममधे एप्रिल २०२३ पासून एआयने नॉईज काढणारं डीनॉईज आलंय, आणि ज्यांनी आयएसओ ६४०० चा फोटो त्यातून काढलाय ते परत नॉईज काढायच्या जुन्या ल्युमिनन्सच्या स्लायडरकडे जात नाहीत, पिसं पिसं राहतात आणि मागचा हिरवा रंग लोण्यासारखा गुळगुळीत होतो. पण हे काम ग्राफिक कार्ड करतं. माझ्याकडे प्रोसेसरमधलंच इंटेल एचडी ४६००, त्याला लाईटरूम मोजतच नाही, सगळं सीपीयूवर टाकतं, एक फोटो लावावा आणि जेवून यावं असा वेग. अडोबी स्वतः एआयच्या कामाला ८ जीबी मेमरीचं कार्ड सुचवते.

मग कार्ड कोणतं? वापरलेली एनव्हिडियाची जीटीएक्स १०५० टाय आणि १६५० बाजारात फिरतायत, दोन्ही ४ जीबीच्या, ७५ वॅटच्या, बहुतेक मॉडेलना वेगळी पॉवरची पिन लागत नाही म्हणून जुन्या मशीनवाल्यांच्या लाडक्या. पण जीटीएक्स कार्डांत टेन्सर कोअर (एआयच्या गणितासाठीचे खास भाग) नसतात, आणि डीनॉईज त्यांच्यावरच पळतं, शिवाय १०५० टाय ही २०१६ ची, त्या पिढीला एनव्हिडियाने नियमित ड्रायव्हर देणं ऑक्टोबर २०२५ ला थांबवलं, आता फक्त सिक्युरिटीचे. म्हणून त्या दोन्ही माझ्या यादीतून बाद. उरतं आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीवालं मॉडेल, २०२४ चं, ७० वॅट, तेवढी वीज मदरबोर्डच्या स्लॉटमधूनच मिळते. आमच्या कॅबिनेटसोबत जो पॉवर सप्लाय आलाय त्याच्यावर ४५० वॅट असं स्टिकर आहे, स्टिकर बनवायला खर्च येत नाही, त्यामुळे वेगळी पिन लागणारं मोठं कार्ड त्याच्यावर मी लावणार नव्हतोच.

फैजपूरला एका मित्राचा लग्नाच्या फोटोंचा स्टुडिओ आहे, त्याच्याकडे नेमकं हेच कार्ड. त्याला म्हटलं भाऊ एक रविवार दे. माझ्या बोर्डावर लावलं तर आधी डिस्प्लेच आला नाही, बायोस (बोर्डाचं स्वतःचं सॉफ्टवेअर) अपडेट केल्यावर आला, म्हणून जुन्या बोर्डवाल्यांनो कार्ड घ्यायचं तर कॅबिनेट उचलून दुकानात न्या आणि तिथेच लावून बघा. डीनॉईज जेवून यायच्या ऐवजी मिनिटाच्या आत यायला लागलं, हे पाहून हात खिशाकडे गेलाच होता. पण मग टास्क मॅनेजर परत उघडून नेहमीचं काम केलं. मास्कच्या कडा ब्रशने नीट करताना, फोटो बदलताना, रॉ उलगडताना परत चारही कोअर शंभरवर आणि कार्ड बहुतेक वेळ निवांत. म्हणजे महिन्यातून जे पाच-दहा फोटो मी खरंच डीनॉईज करतो तेवढ्यापुरता फायदा, रोजचं जे अडणं आहे ते तसंच. आणि कार्डाची किंमत म्हणजे या आख्ख्या मशीनच्या आजच्या किमतीच्या कितीतरी पट. कार्ड नवीन मशीनमधे काढून नेता येतं हे खरंय, पण मग नवीन मशीन आल्यावरच का घेऊ नये, तोवर भाव खाली येईल नाहीतर त्यापेक्षा बरं मॉडेल येईल.

तोपर्यंत काय करतो? डार्कटेबल. लाईटरूमसारखंच रॉ एडिट करायचं सॉफ्टवेअर, फुकट आहे, ओपन सोर्स आहे, त्यात डीनॉईज प्रोफाईल्ड नावाचं मॉड्यूल आहे ज्यात बऱ्याच कॅमेऱ्यांचा वेगवेगळ्या आयएसओचा नॉईज आधीच मोजून ठेवलेला असतो. एआयइतकं सुबक नाही, पण ल्युमिनन्सच्या स्लायडरपेक्षा नक्कीच चांगलं, आणि माझ्या सीपीयूवर सहन होईल इतक्या वेळात होतं. शिकायला वेळ लागतो, बटणं इतकी आहेत की पहिल्यांदा उघडल्यावर बंद करावंसं वाटतं. प्रिंटला द्यायचे किंवा स्पर्धेला पाठवायचे दोन-चार असले की पेनड्राईव्हवर घेऊन फैजपूरला. मित्र चहा पण पाजतो.

मॉनिटरवर मी खर्च केला आणि त्याचा जराही पश्चात्ताप नाही. जुना टीएन पॅनेलचा, १३६६ बाय ७६८, मान जरा वर केली की आकाश पांढरं, खाली केली की काळपट, मग फोटोचा खरा रंग कोणत्या मानेचा? लोक प्रोसेसरवर पन्नास हजार घालतात आणि असल्या मॉनिटरवर रंग सुधारत बसतात, हे मला कधी कळलं नाही. २४ इंची आयपीएस (कुठूनही बघा, रंग बदलत नाही असं पॅनेल), फुल एचडी, ९९ टक्के एसआरजीबीवाला (म्हणजे नेहमीच्या प्रमाण रंगांपैकी जवळजवळ सगळे दाखवणारा) घेतला. हा पुढच्या मशीनलाही चालेल, एसएसडीसारखाच, म्हणून त्याचे पैसे जुन्यात घातले असं मी धरतच नाही. एक सांगतो, नवीन मॉनिटर ब्राइटनेस १०० वर येतो, तसाच ठेवला तर स्क्रीनवर फोटो झगझगीत दिसतो आणि लॅबमधून प्रिंट अंधारलेली येते, मग आपण लॅबवाल्याशी भांडतो. १०० ते १२० निट्सच्या (निट म्हणजे स्क्रीनचा उजेड मोजायचं एकक) आसपास ठेवतात, मोजायचं यंत्र नसेल तर पांढऱ्या कागदाशेजारी धरून कागदाइतकाच उजळ दिसेपर्यंत कमी करा, माझ्याकडे तो निम्म्याच्याही खाली आला. प्रिंट आता जुळते.

आणि यूपीएस. आमच्याकडे लाईट कधी जाईल सांगता येत नाही, कॅटलॉगमधे लिहीत असताना मशीन बंद पडलं तर कॅटलॉग बिघडू शकतो, आणि त्यात तुमची सगळी एडिटिंग असते. ६०० व्हीएचा साधा यूपीएस चार-पाच मिनिटं देतो, तेवढ्यात बंद करता येतं. बंद करताना लाईटरूम बॅकअप विचारतं, त्याला नाही म्हणू नका, आणि तो बॅकअप दुसऱ्या डिस्कवर ठेवा.

आता ज्याच्यामुळे हे मशीन कधी ना कधी बदलावंच लागणार ते, विंडोज. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची आणि टीपीएम २.० (बोर्डावरची सुरक्षेची चिप) लागतं, आमचा चौथ्या पिढीचा नियमात बसत नाही. काही दुकानदार जुगाड करून टाकून देतात, पण मायक्रोसॉफ्ट त्याची जबाबदारी घेत नाही, मी घरचं बँकेचं काम पण यावरच करतो त्यामुळे नको. घरगुती वापरासाठी वाढीव सिक्युरिटी अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात, ते मी चालू करून घेतलेत. म्हणजे या मशीनची मुदत माझ्या मते प्रोसेसरने नाही तर या तारखेने ठरते. त्यानंतर त्याच्यावर लिनक्स टाकून डार्कटेबल चालेल, पण लाईटरूम लिनक्सवर नाही, आणि माझी इतक्या वर्षांची एडिटिंग त्या कॅटलॉगमधे आहे.

मग पुढचं मशीन कोणतं याचाही विचार केलाय. मॅक मिनी एम-४ हा पर्याय खरंच तगडा आहे, भारतात ५९,९०० ला आला होता, १६ जीबी मेमरी, डीनॉईज सुरळीत, वीज कमी खातो, उन्हाळ्यात खोली तापवत नाही. पण स्टोरेज २५६ जीबी, रॅम नंतर वाढवता येत नाही, आणि बिघडला तर जळगावात कोणाकडे नेऊ. ज्याला फक्त फोटोच करायचेत आणि एकदाच पैसे टाकून मोकळं व्हायचंय त्याने घ्यावा, मी अडवणार नाही. माझा कल रिफर्बिश्डकडे, म्हणजे वापरलेल्या पण दुरुस्त करून विकलेल्या मशीनकडे आहे. कंपन्यांमधून निघालेले ऑफिसचे डेस्कटॉप, डेल ऑप्टिप्लेक्स, एचपी प्रोडेस्क वगैरे, आठव्या पिढीचा आय-फाईव्ह ८५०० असलेले, सहा कोअर, विंडोज ११ रीतसर चालतं, डीडीआर-४ रॅम, एम.२ स्लॉट. नवीन मशीनच्या निम्म्यापेक्षा कमी पैशात येतात आणि त्यात माझी साटा एसएसडी आणि मॉनिटर दोन्ही लागतील, राहिलेल्या पैशात ते ३०५० कार्ड. फक्त यातली स्लिम कॅबिनेटवाली मॉडेल जास्त मिळतात, त्यात अर्ध्या उंचीचंच कार्ड बसतं, पॉवर सप्लाय पण कंपनीचा स्वतःच्या मापाचा असतो, बाजारातला लागत नाही. त्यामुळे गोलाणीतल्या त्या दुकानदाराला फोन नंबर देऊन ठेवलाय, आठव्या पिढीच्या पुढचा टॉवर आला की कळव म्हणून. परवा त्याचा फोन आला, "सर, आलं शे एक." विचारलं टॉवर की स्लिम, तर म्हणे स्लिम. म्हटलं राहू दे, टॉवर आला की सांग.